पिवळ्या पट्टीबाहेरचं दीड फूट

हसुराम, आधी गाडीचं सांगतो, कारण तू तेच आधी विचारलं असतंस. गाडी ठीक आहे. टायरमध्ये हवा आहे, बॅटरी उतरलेली नाही, डाव्या बाजूच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधून जो कुरकुर आवाज यायचा तो अजूनही येतो. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर ताडपत्री घातली होती, चारी बाजूंनी दोरी बांधून. संध्याकाळी गॅलरीतून खाली बघितलं तर बघवेना. जाऊन काढून टाकली. तुला झाकलेलं बघून एकच दिवस झाला होता.

आज एकोणीस दिवस झाले. मंगळवारी दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस, एवढंच मला माहीत आहे. बाकीचं डॉक्टरांनी तुझ्या निलेशला सांगितलं, तो पुण्याहून आल्यावर. मी विचारलं नाही. विचारून काय करणार होतो?

गाडी कुठे आहे तेही सांगतो. पण त्याआधी दुसरं एक सांगायचं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय गाडीचं पुढचं सांगताच येणार नाही. चार वर्षं ते माझ्या जिभेवर होतं. तुझ्या बंपरची तक्रार तुझ्या मावसभावाने केली नव्हती. धर्माने नाही. मी केली होती.

आता तू म्हणशील, "सेक्रेटरी, मस्करी करतंस काय?" नाही करत. मला मस्करी येत नाही, हे तूच सगळ्या सोसायटीला सांगत फिरायचास.

पहिल्यापासून सांगायचं तर सगळी सुरुवात त्या पिवळ्या पट्टीपासून झाली. सीवूड्समधली आपली सोसायटी, पार्किंगच्या प्रत्येक जागेला मी स्वतः उभं राहून पिवळ्या पट्ट्या मारून घेतलेल्या. मी साताऱ्याकडचा, सगळी नोकरी फायलींना नंबर घालण्यात गेली, त्यामुळे रेषेच्या आत असलेलं मला बरं वाटतं. आणि त्यात तू आलास. खाडीकाठच्या गावातला माणूस, वाडवडिलांची शेतं टाउनशिपखाली गेलेली, चिखलात लोळून आलेली ही भली थोरली गाडी घेऊन. मागे उघडा हौदा, पुढे लोखंडी बंपर, उंची अशी की माझी बायको, सुमन, म्हणायची, ह्यात चढायला शिडी लागेल. गाडी पट्टीबाहेर दोन फूट. मी टेपने मोजलं. पहिल्या नोटिशीत 'टेम्पो' लिहिलं, तर तू नोटीस हातात घेऊन तिसऱ्या मजल्यावर माझ्या दारात.

"टेम्पो कोनाला बोलतंस? पिकअप हाय ती."

"पिकअप असो नाहीतर विमान असो. पट्टीच्या आत लावा."

"तुजी पट्टी आखूड हाय, त्याला मी काय करू?"

तेव्हा मी तुला अहो-जाहो करायचो आणि तू मला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. त्याचाही राग होता मला. सात नोटिशी दिल्या. सातही तू हौद्यात, जॅकखाली ठेवायच्या फळीवर चिकटवल्यास.

पण मी पत्र लिहिलं ते नोटिशींमुळे नाही. हे मी तुला कधीच सांगितलं नाही, सुमनबद्दल बोलायचं मी टाळायचो म्हणून. त्या दिवशी मी तिला हॉस्पिटलमधून घरी आणत होतो. रिक्षा गेटातून आत आली आणि तुझ्या बंपरपाशी अडली. वळेचना. तू घरी नव्हतास, मोऱ्याला धर्माकडे गेला होतास एसटीने, गाडी इथेच ठेवून. शेवटी सुमनला गेटपासून लिफ्टपर्यंत चालवत आणलं. एवढंसं अंतर, पण दोनदा तिला कठड्यावर बसवावं लागलं. ती म्हणाली, "असू दे हो, हवा छान आहे." तिला घाम फुटला होता आणि ती मला हवा छान आहे म्हणून सांगत होती. त्या दुपारी ती झोपल्यावर मी खाली उतरलो, मोबाइलवर तुझ्या बंपरचा फोटो काढला आणि आरटीओला पत्र लिहिलं. खाली नाव घातलं नाही. आयुष्यभर निनावी अर्जांना केराची टोपली दाखवणारा माणूस मी.

असे बंपर लावायला बंदी आहे, ते काही मी खोटं लिहिलं नाही. त्यांनी त्यांचं काम केलं. गाडी अडवली, दंड केला, बंपर उतरवायला लावला. तू बंपर भंगारात दिलास आणि त्यावरचा विंच, ती दोर गुंडाळून ओढणारी यंत्रणा, गॅलरीत गोणपाटाखाली ठेवलास. आणि गंमत बघ, बंपर गेल्यावरही गाडी दीड फूट बाहेरच राहिली. रिक्षा तेव्हाही वळत नव्हती.

तो विंच कशासाठी होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी फक्त मोजलं. तो धर्माच्या होडीसाठी होता. पावसाळा तोंडावर आला की मोऱ्याच्या उतारावर गाडी उभी करायची, विंचचा दोर होडीला लावायचा आणि होडी वर ओढून घ्यायची. तुम्ही दोघांनी मिळून तो बंपर वेल्ड करून घेतला होता. हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

ती रविवारची सकाळ तुला आठवत असेल, पण माझ्या बाजूने ती तू पाहिली नाहीस. मी नोटीस बोर्डापाशी होतो, पाण्याच्या वेळा लावत. धर्मा नेहमीसारखा आला, हातात मासळीची पिशवी. आरटीओने गाडी अडवली त्याच्या आदल्या आठवड्यात तुमचं वाजलं होतं, त्याने विंचचा दोर कुणाला तरी उसना दिला आणि त्या माणसाने तो पिंजून परत आणला म्हणून. ते रागाचं बोलणं मिटलंही असतं. पण तू त्याला बघितलंस आणि एकदम म्हणालास, "कंप्लेंट कोनी केली, मना ठावं हाय."

"कोनी?"

"तूच."

धर्माने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "हाव, मीच केली. काय करतंस तं कर."

तुझ्या तोंडाकडे बघत क्षणभर थांबला, मग पिशवी बॉनेटवर ठेवली आणि निघून गेला. मासळी तिथेच होती, शेवटी मांजरांनी ओढून नेली. माझ्या हातात टाचण्यांची डबी होती. मी दोन पावलं टाकली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. पण त्याने स्वतःच कबूल केलं होतं ना? मी स्वतःला म्हटलं, जो माणूस स्वतः होऊन हो म्हणतो, त्याच्या मध्ये आपण कशाला पडा. आणि खरं सांगू? सुटलो, असंच वाटलं मला. पाण्याच्या वेळा नीट सरळ लावल्या आणि वर आलो.

चार महिन्यांनी सुमन गेली. त्यानंतरच्या एका रविवारी मी दूध घेऊन गेटातून येत होतो. तू इंजिन चालू करून बसला होतास आणि निघत नव्हतास. काच खाली केलीस.

"सेक्रेटरी, माप घ्यायला आलास काय?"

"दूध आणायला गेलो होतो."

"बस. आज कोन नाय संगती."

मी दुधाची पिशवी हातात धरून त्या उंच सीटवर चढलो. दार लावलं. त्या सीटची गादी एका बाजूने दबलेली होती, माझ्यापेक्षा जड माणसाची सवय असलेली. ती धर्माची जागा होती, हसुराम. मला माहीत होतं. मी बसलो.

मग रविवार सुरू झाले. मला वाटायचं, तू मजा करायला जातोस. द्रोणागिरीकडच्या गोदामांमागे ती मोकळी खाजणाची, खाऱ्या दलदलीची जमीन, तिथे नेऊन तू गाडी चिखलात घालायचास. पहिल्याच दिवशी मी विचारलं, ह्या वयात हे कशाला?

"मजा नाय, औषध हाय," तू म्हणालास. "चारी चाकांचा गिअर पंधरा दिसांनी तरी एकदा लावायला लागतो. नायतर आकडतो. आनि डांबरावर लावलास तं तुटंल. भुसभुशीत जमीन पायजे."

आणि मला खाली उतरवलंस. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एक गुंडी असते. ती हाताने फिरवून 'लॉक'वर आणल्याशिवाय पुढची चाकं जोर धरत नाहीत. नव्या गाड्यांत बटण असतं म्हणे. तुझ्या गाडीला माणूस लागायचा. शेजारी बसणाऱ्याचं ते काम. आधी डावीकडची, मग फिरून उजवीकडची, आणि डांबरावर परत चढायच्या आधी दोन्ही सोडवायच्या. माझे हात आयुष्यात कधी काळे झाले नव्हते. एकदा मी उजवीकडची सोडवायला विसरलो आणि अख्ख्या रस्त्याने गाडी अडखळत आली. तू ओरडला नाहीस. घरी येऊन स्वतः उतरून सोडवलीस आणि म्हणालास, "धर्मा कदी विसरला नाय." चार वर्षांत त्याचं नाव तू मोजक्या वेळा घेतलंस, त्यातली ही एक.

तू मला काय काय शिकवलंस रे. ग्रीस गन कुठे लावायची, डिझेल फिल्टरमधलं पाणी कसं काढायचं, खाजणातून आलं की गाडी वरून नाही, पोटाखालून धुवायची. "वरचा चिकल दिसतो, तो काय करत नाय. खारा पानी खालून खातो." आणि सोसायटीत पाइपने गाडी धुवायला बंदी, बंदी घालणारा मी. तर दुपारी सगळे पडलेले असताना पंपाच्या खोलीमागे सेक्रेटरी स्वतः पाइप धरून उभा. वॉचमनने एकदा बघितलं. तू त्याला म्हणालास, "साहेब तपासनी करतात." किती हसलास त्या दिवशी. मीही हसलो. सुमन गेल्यानंतर पहिल्यांदा.

तेव्हा वहिनी पुण्याला निलेशकडे असायच्या, नातवासाठी. तुझ्या घरी तू एकटा, माझ्या घरी मी. पण तू असं कधी म्हणाला नाहीस आणि मीही नाही. आपण नटबोल्टबद्दल बोलायचो.

नटबोल्टचं काम माझ्याकडे आलं कारण तुझं पोट गाडीखाली जायचं नाही. मी पुठ्ठ्यावर पडून आत सरकायचो आणि तू बाहेरून पाने द्यायचास. प्रत्येक नट आवळला की त्याच्यावरून खाली चेसिसपर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. पुढच्या वेळी रेघ सरळ असेल तर नट जागचा हललेला नाही, रेघ मोडलेली असेल तर सैल झालाय. रंग वाळून गेला होता म्हणून मी वर जाऊन सुमनच्या कपाटातून नेलपॉलिशची बाटली आणली. लाल. ती वर्षातून दोनदा लावायची, लग्नकार्यात. तू बाटली हातात घेतलीस, झाकणावर अंगठा फिरवलास आणि विचारलंस, "चालंल ना तुला?" मी म्हटलं, पडूनच आहे. तुझ्या गाडीखाली सगळीकडे सुमनच्या रेघा आहेत.

तिथेच मी तुला सांगणार होतो. एकदा नाही, कितीदा तरी. सगळ्यात जवळ आलो होतो तो दिवस मला पक्का आठवतो. मी आत पडलेलो, समोर चेसिसच्या टोकाला बंपरच्या बोल्टची चार रिकामी भोकं. कडांना गंज धरायला लागला होता. मला तुझे फक्त पाय दिसत होते, त्या निळ्या स्लिपर.

मी म्हटलं, "ही भोकं बुजवून टाकू का? एम-सील आहे माझ्याकडे."

"बुजवू नको. कडंला रंग मार. लागली तं लागली."

मी चारही भोकांच्या कडेने लाल रंग फिरवला. मग म्हटलं, "हसुराम."

"काय?"

तुझे पाय जरा सरकले. वाकून बघायचा प्रयत्न केलास वाटतं, पण वाकता येईना.

"काही नाही. तेरा नंबरचा पाना दे."

झालं. इतकं सोपं होतं गप्प बसणं. का गप्प बसलो, हे मी स्वतःला वेगवेगळं सांगायचो. तुला वाईट वाटेल. जुनं उकरून काय मिळणार. धर्मानेच तर कबूल केलं. पण खरं कारण एकच होतं. सांगितलं असतं तर तू मोऱ्याला गेला असतास, त्याच दिवशी, जेवायलाही थांबला नसतास. आणि पुढच्या रविवारी त्या सीटवर धर्मा असता. मी दूध घेऊन गेटातून आलो असतो आणि सरळ वर गेलो असतो.

द्रोणागिरीहून परत येताना मोऱ्याकडे जाणारा रस्ता लागायचा. तू दर वेळी तिथे गाडी हळू करायचास. मी दर वेळी खिडकीतून दुसरीकडे बघायचो. एकदा तू म्हणालास, "त्यांनी कंप्लेंट केली त्याचा राग कवाच गेला. एकदा येऊन बोलला आसता तं." मी काय म्हणालो आठवतं? "सोडून दे रे." मी म्हणालो सोडून दे. माझ्या तोंडून.

स्मशानात धर्मा आला होता. तू बघितलं नाहीस म्हणून सांगतो. आत आला नाही. गेटाबाहेर, टोपी हातात घेऊन, सगळं होईपर्यंत उभा होता. लोक त्याच्या बाजूने जात होते आणि कुणी त्याला आत ये म्हटलं नाही, कारण सगळ्यांना तुमचं माहीत होतं. म्हणजे सगळ्यांना जे माहीत होतं ते खोटं होतं. मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो.

दहाव्याला पिंड ठेवला. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण त्या दिवशी मी देवाशपथ घाबरलो होतो. वाटलं, कावळा शिवणार नाही. सगळे काही ना काही कबूल करतील, निलेश म्हणेल आईला सांभाळतो, कुणी म्हणेल गाडी नीट ठेवतो, आणि कावळा नुसता बसून राहील, आणि मग मला सगळ्यांसमोर बोलावं लागेल. मी मनात वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. आणि निलेश दोन पावलं मागे सरतो न सरतो तोच कावळा आला आणि शिवला. वहिनी म्हणाल्या, "बघा, काय इच्छा नाय उरली त्यांची." सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मला तुझा इतका राग आला. कसं काही उरलं नाही तुझं? मग कळलं, तुझं नव्हतंच काही. जे उरलं होतं ते सगळं माझ्याकडे होतं.

आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी निलेश माझ्याकडे आला. चहा घेतला. मग टेबलावर किल्ली ठेवली, तुझी, त्या प्लास्टिकच्या माशाची.

"काका, गाडी तुम्ही घ्या. मला पुण्यात ठेवायला जागा नाही, आणि विकायचं जिवावर येतं. शेवटची वर्षं तुम्हीच होतात बाबांच्या शेजारी. आई पण हेच म्हणते."

मी किल्लीला हात लावला नाही. तो गेल्यावर दोन दिवस ती टेबलावर तशीच होती. मी तिच्या बाजूला ताट ठेवून जेवायचो. खोटं बोलून मिळवलेली सीट होती, आता त्याच खोट्यावर अख्खी गाडी मिळत होती. तिसऱ्या दिवशी निलेशला फोन केला आणि सगळं सांगितलं, रिक्षा, पत्र, नोटीस बोर्ड, सगळं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "धर्माकाकांना सांगा. मला सांगून काय उपयोग?" बरोबर बोलला. तुझाच मुलगा आहे.

वॉचमनला हाताशी घेऊन तुझ्या गॅलरीतला विंच खाली आणला. गोणपाट काढलं आणि मी बघतच राहिलो. चार वर्षं पडलेली वस्तू, गंजाचा ठिपका नाही. बाजूला तेलाचा डबा आणि फडकं. दोर नवा, पिंजलेला काढून कधी बदललास, मला पत्ताही नाही. दर रविवारी मी तुझ्या घरी चहा प्यायचो, तीन हातांवर हे होतं, आणि मला वाटायचं तू विसरलास.

मोऱ्यापर्यंत गाडी मीच चालवली. तू मला फक्त मोकळ्या जमिनीवर चालवू द्यायचास, रस्त्यावर कधी नाही, आणि तुझं बरोबर होतं. मागून कंटेनरवाले हॉर्न मारत होते आणि मी तिसऱ्या गिअरच्या पुढे गेलो नाही. डावीकडची सीट रिकामी. दोनदा तिकडे बघून मी "बरोबर चाललीय ना?" असं विचारलंसुद्धा. कुणाला विचारतोय ते नंतर लक्षात आलं.

धर्मा उतारावर होता, होडी कलती करून बुडाला चिकटलेले शिंपले पत्र्याने खरवडत होता. त्याने आधी गाडीचा आवाज ओळखला. मान वर केली ती घाईने, एकदम, आणि चालवणारा मी आहे असं दिसल्यावर परत खाली घातली. ती घाई मी बघितली, हसुराम. ती मला आता विसरता येणार नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. जुळवून ठेवलेलं वाक्य आठवलं नाही, कसंबसं सांगितलं. तो खरवडत राहिला. माझं संपल्यावरही बराच वेळ पत्र्याचा आवाज येत होता.

"त्यांनी मना इचारला नाय," शेवटी म्हणाला. "डायरेक बोलला, तूच. तं मी बोललो, हाव, मीच. बारकं व्हतो तवापासून आमचा आसाच. तो बोलायचा, माज्या वाटचा तूच खाल्लास. मी बोलायचो, हाव, मीच. मंग दोगं हसायचो." पत्रा खाली ठेवला. "मी वाट बगत व्हतो. मना वाटला, आता हसंल."

त्याने हात पुसले.

"तुमी चार वरसं काय करत व्हता, सेक्रेटरी?"

"त्याच्या शेजारी बसत होतो," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. दिली नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही, आणि मी माफी मागितली तर नव्हतीच. तो गाडीकडे गेला, हौद्यातला विंच बघितला, दोर बोटांनी चाचपला. मग पुढे येऊन वाकला आणि चेसिसच्या टोकाची ती चार भोकं बघितली.

"ह्यो लाल काय?"

"गंज धरू नये म्हणून. मी म्हणत होतो बुजवून टाकू. हसुराम म्हणाला, बुजवू नको. आणि विंचला तेल घालत होता तो, इतकी वर्षं. मला न सांगता."

धर्माने एका भोकात बोट घातलं आणि तसाच वाकून राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी होडीकडे तोंड करून उभा राहिलो.

नंतर तो उठला. डाव्या पुढच्या चाकापाशी गेला, तळहाताने गुंडीवरची धूळ पुसली आणि ती फिरवून 'लॉक'वर आणली. फिरून उजवीकडे गेला, तीही फिरवली. मग परत डाव्या बाजूला आला, दार उघडलं, त्या सीटवर चढून बसला आणि दार लावून घेतलं. समोर काचेतून बघत राहिला. चालवायच्या जागेवर कुणी नव्हतं. ती गादी त्याच्याच अंगाची आहे, बसल्याबरोबर दिसलं मला.

मी किल्ली खिडकीतून त्याच्यासमोर ठेवली आणि बसस्टॉपकडे चालायला लागलो. निलेशला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंत, तिथेच राहू दे. कागदपत्रांचं मी बघतो." त्यानंतर त्याचा फोन नाही.

तर गाडी मोऱ्याला आहे. पंधरा दिवसांनी गिअर लावायचं मी त्याला सांगितलं नाही, त्याला ते माझ्या आधीपासून माहीत आहे.

आज रविवार. सकाळी सवयीने जुना शर्ट घातला, पुठ्ठा काखेत मारला आणि खाली गेलो. तुझ्या जागेवर तेलाचे डाग आहेत, बाकी काही नाही. पिवळ्या पट्टीच्या आतही नाही आणि बाहेरही नाही. मी तिथे उभा असताना गेटातून एक रिक्षा आली, कुठेही न अडता वळली आणि थेट लिफ्टच्या दारापाशी जाऊन थांबली. पहिल्या मजल्यावरची कुणीतरी उतरली आणि भाजीची पिशवी घेऊन वर गेली.

रिक्षा आता दारापर्यंत येते, हसुराम. माझ्याकडे आणायचं कुणी उरलेलं नाही.